वहीची उजवी बाजू

माझ्या नवऱ्याचं नाव त्या जर्मन बाईनं पहिल्याच दिवशी सात वेळा घेतलं. मी मोजलं होतं. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात ते नाव माझ्या तोंडून दोनदा बाहेर पडलं होतं, तेही उखाण्यात, बायकांनी दार अडवून धरल्यावर. एरवी मी त्यांना 'अहो' म्हणायची आणि ते मला 'अगं', नाहीतर नुसतं 'ऐकलंस का'. आमच्याकडं नवराही बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे. घेतलं तर लोक 'बाईलवेडा' म्हणून हसत. आणि ही बाई, ना नात्याची ना गोत्याची, माझ्या नवऱ्याचं नाव खडीसाखर चघळावी तसं तोंडात घोळवत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आम्ही कळंबला राहत होतो. निजामाचं राज्य होतं आणि जगात लढाई चालू होती. माझं माहेर बार्शीकडचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. मी मराठी चौथी पास, आणि त्याचा मला केवढा तोरा. हे कळंबचेच, उर्दू मदरशात सातवीपर्यंत शिकलेले. म्हणजे घरात माणसं दोन, दोघंही शिकलेली, आणि एकाचं अक्षर दुसऱ्याला वाचता येत नाही. वाण्याची यादी मी केली तर दुकानात मीच जायला हवं, आणि ह्यांनी केली तर ह्यांनी.

हे जिनिंगच्या कारखान्यात इंजिनाचे मिस्त्री होते. कारखान्याच्या आवारातच आमच्या दोन खोल्या, पुढं पडवी आणि पडवीत माझी म्हैस. इंजिन जर्मनीचं होतं. लढाईच्या आधी त्याची देखभाल करायला मुंबईहून एक गोरा मिस्त्री यायचा. लढाई लागली आणि तो कुठं गेला कुणाला ठाऊक. पुढं इंजिन धाप टाकायला लागलं, मग अडखळायला लागलं आणि एका उन्हाळ्यात जे बसलं ते उठेचना. त्याचं पुस्तक होतं, तेलानं काळं झालेलं, पण सगळं जर्मन भाषेत. कारखान्याच्या शेटनी ह्यांना बोलावून सांगितलं, "मिस्त्री, दसरा झाला की कापूस येतो. तवर इंजिन बोललं तर ठीक. न्हायतर बार्शीहून दुसरा मिस्त्री आणतो, मग माझ्यावर रुसू नका."

त्याच उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आले. हैदराबादचे, जर्मनीत शिकलेले, आणि बायकोही तिकडूनच केलेली. उंच, हाडापेरानं मोठी, उन्हानं नाक सोललेलं. रूपवान म्हणावी अशी नव्हती, हे मी अगदी पहिल्या दिवशी बघून घेतलं. बाईंना गाव सोडून कुठं जायचं तर पोलिसांत लिहून द्यावं लागे, कारण त्यांचा मुलूख लढाईत दुश्मन ठरलेला. दिवसभर त्या दवाखान्यामागच्या बंगलीत एकट्या असायच्या. हे पुस्तक घेऊन डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांना वेळ नव्हता, पण बाईंना वेळच वेळ होता. बाईंना मोडकंतोडकं उर्दू यायचं, त्यात इंजिनातलं एकही नाव नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना समजावलं, "पुर्जे तो तस्वीर में दिखते हैं, मिस्त्री. हाथ से क्या करना है, वो फेल में लिखा रहता है. पहले फेल सीखो." फेल म्हणजे क्रियापद. झालं, ह्यांची शिकवणी सुरू झाली.

पंधरा दिवस मी गप्प बसले. पण मला दिसत होतं. इंजिनापुढं जाताना ज्या माणसानं कधी हात धुतले नव्हते, तो बंगलीवर जायच्या आधी सोड्यानं कोपरापर्यंत हात घासायला लागला. शिकेकाई मागायला लागला. जेवताना घास हातात धरून पुटपुटायचा, "इश ड्रेए, दू ड्रेएस्ट, एअर ड्रेएट." मी फिरवतो, तू फिरवतोस, तो फिरवतो. मी म्हणाले, "आमटी निवतेय. ती पण फिरवा की जरा."

शेवटी एक दिवस मी पदर खोचून सांगितलं, "उद्यापासनं मी बी येणार."

"कुठं?"

"तुमच्या बाईकडं. जर्मन शिकायला."

हे हसले. "तुला कशाला गं जर्मन? म्हशीशी बोलणार व्हय?"

"तुम्ही इंजिनाशी बोलता, मी म्हशीशी बोलंन. तुम्हाला काय अडचण हाय का?"

अडचण नाही म्हणाले, पण क्षणभर थांबून म्हणाले. तो क्षण मी मनात नीट बांधून ठेवला.

बंगलीवर गेले तर बाई दारातच उभ्या, आणि त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. हिला माझं नाव कुणी सांगितलं, आणि नावाबरोबर आणखी काय काय सांगितलं, या विचारानं मी खुर्चीत बसलेच नाही. फरशीवर बसले. तर त्याही खुर्ची सोडून माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. गुडघे जमिनीला टेकत नव्हते, तरी बसल्या.

पहिला धडा नावाचा होता. इश हाइसं, माझं नाव अमुक. दू हाइस्ट, तुझं नाव तमुक. एवढं मी झटकन म्हटलं. मग बाईंनी ह्यांच्याकडं बोट केलं आणि भुवया वर केल्या. एअर हाइस्ट? त्याचं नाव? आता काय करावं. मी खाली बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. हे आढ्याकडं बघत बसले. बाईंना वाटलं मला समजलंच नाही, म्हणून त्या सावकाश, बहिऱ्याला सांगावं तशा सांगायला लागल्या. तेवढ्यात डॉक्टर आतून आले, हसले आणि बायकोला त्यांच्या भाषेत आमची रीत सांगितली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना ते फार गोड वाटलं असावं. मग माझ्या मदतीला म्हणून माझ्या वाटचं नाव त्यांनीच घेतलं. एकदा नव्हे, सात वेळा. एअर हाइस्ट अमुक, एअर कोम्ट, एअर ट्रिंक्ट टे. तो येतो, तो चहा पितो. मी मनात म्हटलं, पितो तर पितो, तुझ्या घरचा पितो ना.

शेवटी त्यांनी दोघांना सांगितलं, की घरी वाक्यं लिहा आणि प्रत्येक वाक्यात घरातल्या माणसाचं नाव घाला, म्हणजे ध्यानात राहतं. माझ्या घरात माणूस एकच, आणि त्याचं नाव तर लिहिणंही मला अवघड. मी म्हशीला बसवलं. म्हैस कोम्ट. म्हैस ट्रिंक्ट वासर. म्हैस येते, म्हैस पाणी पिते. दुसऱ्या दिवशी मी ते वाचून दाखवलं तर बाईंनी फार आस्थेनं विचारलं, "म्हैस कौन? बहन?" हे खोकायला लागले ते उठून बाहेरच गेले. त्या दिवशी मात्र मीही हसले, खोटं कशाला बोलू.

लढाईमुळं कागद मिळत नव्हता. डॉक्टरांनी दवाखान्यातली एक वही दिली होती, दोघांत मिळून एक. ह्यांचं लिहिणं उर्दू, म्हणून हे उजवीकडून सुरुवात करायचे. माझी बाळबोध अक्षरं, मी डावीकडून. बाई वर त्यांच्या लिपीत शब्द काढून द्यायच्या आणि त्याच्याखाली आपापल्या अक्षरांत आम्ही उच्चार लिहायचो. एकाच वहीला दोन सुरुवाती. दोघांच्या मध्ये कोरी पानं, आणि ती दोन्ही बाजूंनी कमी होत चाललेली. रोज मी आधी ह्यांची पानं मोजायची. हे पुढं असले की मला घास गोड लागत नसे.

मी पाठांतरात पक्की होते. बियाण्यासाठी शेंगा फोडायला बसले की एका क्रियापदाला तीन शेंगा. इश गीसं, दू गीस्ट, एअर गीस्ट. ओतते, ओततोस, ओततो. तीन शेंगा फुटल्या की पुढचं. बाई मला घरातली क्रियापदं शिकवायच्या, ह्यांना इंजिनाची. उघडणं, बंद करणं, फिरवणं, पुसणं ह्यांच्याकडं. ओतणं, थांबणं, ऐकणं, ढवळणं माझ्याकडं. फक्त वर्तमानकाळ. झालेलं आणि होणारं पुढं बघू, म्हणायच्या. एकदा त्यांनी आपला भाऊ वाक्यात घातला. भाऊ येतो, भाऊ हसतो, भाऊ लिहितो. डॉक्टरांनी नंतर हळूच सांगितलं, की भाऊ फौजेत आहे आणि वर्षभर त्याचं एकही पत्र नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी तेव्हा दुसरंच काहीतरी मोजत होते.

घरचं आवरून मी बंगलीवर जाईपर्यंत हे आधीच पोचलेले असायचे. मी अंगणात आले की आतून हसणं ऐकू यायचं. मी आत पाऊल टाकलं की हे वही फिरवून माझी बाजू वर करायचे आणि बाई माझ्याकडं बघून गालात हसायच्या. रोज हेच. मग मी घरी, हे कारखान्यात असताना, वहीची उजवी बाजू उघडून बसायला लागले. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पण डोळे होते. ओळ सुरू होते तिथं, उजव्या कडेला, प्रत्येक वेळी एकच शब्द होता. एक वळसा, वर टिंबं, शेवटी शेपूट. पानभर. दुसऱ्या पानावरही. मी बोट ठेवून मोजलं, चाळीसच्या वर भरले. आपल्या माणसानं पानापानात एकच नाव इतक्यांदा कशासाठी लिहावं? बाई म्हणाल्या होत्या घरच्या माणसाचं नाव घाला. ह्यांनी कुणाला घरचं माणूस मानलं, हे मला न वाचताच कळलं असं मला वाटलं.

कुणाला वाचायला सांगायचं? शरमेनं मेले असते. ह्यांना विचारावं, तर विचारल्यावर काय ऐकावं लागेल याची भीती. रात्री ह्यांच्याकडं पाठ करून झोपायची. हे विचारायचे, "काय झालं गं?" मी म्हणायची, "काय न्हाय."

आमच्या आवारातल्या आडाला गोड पाणी होतं, म्हणून शेजारची जमादारीण तिथं पाण्याला यायची. तिचा नवरा पोलिसात जमादार. ती एक दिवस घागर बुडवता बुडवता म्हणाली, "मिस्त्रीणबाई, तुम्ही लई शिकताव म्हणं. गोऱ्या बाईकडं रोज फेरी असती दोघांची."

मी उत्तर दिलं नसतं तर चाललं असतं. पण त्याच सकाळी मी वहीत आणखी एक पान भरलेलं बघितलं होतं. मी म्हणाले, "आमी कसलं शिकतोय. ती बाई ह्यांना दुश्मनाची बोली शिकवती. इंजिनाची चित्रं काढून देती, काय काय विचारून घेती, कागदावर लिवून ठेवती. भाऊ फौजेत हाय तिचा, तिकडच्या. मला तर बाई भ्याच वाटतं."

जमादारणीची घागर भरून वाहत होती तरी तिचं ध्यान नव्हतं. "व्हय का!" एवढंच म्हणाली.

मला काय म्हणायचंय ते मला पुरतं ठाऊक होतं. भीती वगैरे काही वाटत नव्हती. ती बाई माझ्या नवऱ्यापासून लांब जावी, एवढंच मला हवं होतं. माझ्या एका शब्दानं कुठं काय होतंय, असंही त्या वेळी मनाला सांगून घेतलं.

दोन दिवसांनी पोलिसांतले अमीनसाहेब बंगलीवर जाऊन आले. जाताना बाईंचे कागद, पत्रं, भावाचा फोटो, सगळं बांधून घेऊन गेले. आमची वही तेवढी बचावली, कारण ती त्या दिवशी माझ्या पिशवीत होती. आठवडा झाला नसेल तोवर डॉक्टरांचा तबादला आला, कुठंतरी लांब, तेलंगी मुलखात. जमादारीण आडावर भेटली आणि डोळा मिचकावून म्हणाली, "झालं न्हवं का तुमचं काम?" मी घागर अर्धीच घेऊन घरी आले.

बाई जायच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. सामान बैलगाडीत चढलं होतं. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. आमच्याकडून त्या थोडं मराठी शिकल्या होत्या, आणि त्यांना मराठीतही एकच काळ येत होता. म्हणाल्या, "मी जाते. तू राहते. तू लिहिते." मग ह्यांच्याकडं बघून, नाव घेऊन, "हा चांगला आहे." माझ्या हातात त्यांनी स्वतःची पेन्सिल ठेवली. गाडी हलली तेव्हा मला जे वाटलं ते सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. गाडी वळणाआड जाईस्तोवर हे रस्त्यात उभे होते आणि मी मनात म्हटलं, बघा, बघून घ्या शेवटचं.

पण दसरा तोंडावर आला होता, आणि पुस्तकाची शेवटची दोन पानं राहिली होती. हे चार दिवस इंजिनापाशी बसून होते. चित्र बघून तेल ओतायचे, उघडायचे, फिरवायचे, बंद करायचे. इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प. ह्यांचा चेहरा इतका उतरला, की मी भाकरी घेऊन गेले ती तिथंच बसले. म्हणाले, "ही दोन पानं कळतच न्हायती. उघडणं सोडलं तर ह्यातलं एक बी फेल माझ्याजवळ न्हाय."

मी पुस्तक ओढून घेतलं. तेलकट पानावर बोट फिरवत गेले, आणि एका शब्दापाशी थांबले. मग वहीची माझी बाजू उघडली. आधीचं 'मान' नवं होतं, पण ते फेल माझ्याजवळ होतं. मान गीस्ट. ओततात. मान वार्टेट. थांबतात. मान ह्योर्ट. ऐकतात. त्या बाईनं शिकवलेली, मी शेंगा फोडत पाठ केलेली सगळी तिथं ओळीनं बसली होती. तेल ओतायचं, मग थांबायचं, कान लावून ऐकायचं आणि त्यानंतर झडप उघडायची. हे ओतल्या ओतल्या उघडत होते.

आम्ही तसं केलं. ह्यांनी ओतलं. मी म्हणाले, थांबा. थांबलो. दोघांनी लोखंडाला कान लावला. आत कुठंतरी तेल उतरल्याचा आवाज आला. ह्यांनी उघडलं, दोन गड्यांनी चाक फिरवलं, आणि इंजिनानं एक ठसका दिला, दुसरा दिला आणि मग ठोके धरले. पत्र्याचं छप्पर हादरायला लागलं. गडी ओरडत शेटना सांगायला पळाले. धूर सगळ्या खोलीत भरला.

ह्यांनी कपाळ पुसलं आणि वही मांडीवर घेतली. मधे एकच पान कोरं राहिलं होतं. तेव्हा मला धीर आला, का राग आला, कोण जाणे. मी उजवीकडचं पान उघडलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे काय लिवलंय?"

हे लाजले. तीस वर्षांचा, काळ्या हातांचा माणूस कानापर्यंत लाल झाला. "ऱ्हाऊ दे की."

"न्हाय. वाचा."

वाचलं नाही. ह्यांनी त्या शब्दावरचं माझं बोट उचललं आणि माझ्याकडंच वळवलं. मग खालच्या ओळी वाचायला सुरुवात केली. दर ओळीला त्या शब्दापाशी थांबायचे, माझ्याकडं बोट करायचे आणि पुढचं क्रियापद म्हणायचे. कोम्ट. येते. कोख्ट. स्वयंपाक करते. वार्टेट. वाट बघते. पान उलटलं. लाख्ट निश्ट. हसत नाही. लाख्ट निश्ट. त्या पानावर बऱ्याच ओळी तशाच होत्या.

"तू म्हशीला बसवलंस," म्हणाले, "म्या तुला. बाई म्हणायच्या, हे तिला वाचून दाखव. मला लाज वाटायची. तू आलीस की त्या हसायच्या मला."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ह्यांना वाटलं डोळ्यांत धूर गेला. पंच्याचं टोक माझ्या हातात देऊन हे इंजिनाकडं वळले. ठोके ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "आज बाई असत्या तर लई खूश झाल्या असत्या. कुणी लावलं आसंल गं त्यांच्या मागं हे शुक्लकाष्ठ?"

मी डोळे पुसले आणि वही मिटली.

"देव जाणे," मी म्हणाले.